एका सरपंचपदाची पूर्वपीठिका

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘इतिहासावर काही लिहा’ अशी संपादिकाबाईंची आज्ञा झाली. मंडळाचा इतिहास लिहावा अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, मारुतीच्या देवळाच्या ओवरीत सतरा जणींनी मंडळ स्थापन केले, पुढे शिवणवर्ग निघाला, बालवाडी निघाली, हे सर्व दरवर्षीच्या अहवालात आलेलेच आहे. तेच पुन्हा दळण्यात मला मौज वाटेना. म्हणून मी आपल्याच जिल्ह्यातला, आणि ज्याचा परिणाम आपण एस.टी.त बसून जाऊन पाहू शकतो असा, एक इतिहास लिहावयास घेतला आहे. हिवरे बाजार गावचे पोपटराव पवार सरपंचपदाला का उभे राहिले, हा तो विषय.

विषय सुचण्यास कारण घडले ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. आपल्या मंडळातील एका वहिनींना (त्यांचे नाव लिहीत नाही, सर्वांना ठाऊक आहे) ग्रामपंचायतीच्या निवडणुकीस उभे राहा म्हणून वस्तीवरची माणसे सांगून गेली होती. वहिनींनी ते सहज बोलून दाखवले मात्र, तिळगूळ हातातच राहिला आणि घरात दोन तट पडले. एक आक्का म्हणाल्या, “मंडळाचं काम करतीस ते काय थोडं आहे? कशाला त्या चिखलात पाय घालतीस?” दुसरी म्हणाली, “मंग चिखल काढायचा कोणी?” वहिनी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “बाई, तुम्ही सांगा. तुम्ही तर उभ्याच राहिला नव्हता.”

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण मला तो लागला. कारण मला विचारणा झाली होती आणि मी नाही म्हटले होते. ते पुढे येईलच. आधी हिवरे बाजारकडे वळू.

हिवरे बाजार हे नगर तालुक्यातील लहानसे गाव. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, परंतु तोंडी ‘नगर’ बसलेले आहे ते सुटत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे. शहरापासून पाच-सहा कोसांवर, तीन बाजूंनी डोंगर, आणि पाऊस वर्षाकाठी चारशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पंधरा-सोळा इंच. सह्याद्रीने पाऊस अडवून धरावा आणि पलीकडे उरलेसुरले शिंतोडे यावेत अशी आपल्या अर्ध्या जिल्ह्याची तऱ्हा. तीच ह्या गावाची. एके काळी गावाला तालमीचे नाव होते. डोंगरावर झाडी होती, गवत होते. झाडी तोडली गेली, आणि मग पाऊस पडे तोही मातीसकट खाली निघून जाई.

त्यात १९७२ चा दुष्काळ आला. हा दुष्काळ माझ्या वयाच्या भगिनींना सांगावयास नको, पण स्मरणिका मुलीबाळीही वाचणार, म्हणून दोन शब्द लिहिते. मी तेव्हा सतरा वर्षांची, नुकतीच परकराची नऊवारी झालेली. आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडावयास जात असे. बोटांना चिंध्या बांधून हातोडी धरावी लागे. कामावर सुकडी वाटत. घरी लाल मिलोची भाकरी, जी तव्यावरून उतरली की फुटे. पाण्यासाठी आई पहाटे तीनला उठे. गावेच्या गावे कामाच्या शोधात बाहेर पडली. ह्याच दुष्काळाने रोजगार हमीची योजना साऱ्या महाराष्ट्रात पसरवली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. म्हणजे आज जे ‘हमीचे काम’ आपण म्हणतो, ते बहात्तरच्या खडीतून निघालेले आहे.

त्या दुष्काळात पोपटराव हे सुमारे बारा वर्षांचे होते. त्यांचा जन्म १९६० चा. गावात शाळा होती ती चौथीपर्यंत. पुढे शिकावयाचे तर गाव सोडावे लागे, आणि ज्याच्या घरी थोडीफार ऐपत त्याचाच मुलगा गाव सोडू शके. पोपटरावांच्या घरी ती होती. ते नगरला शिकले, पुढे एम.कॉम. झाले. क्रिकेटचा त्यांना मोठा नाद, आणि नाद म्हणजे नुसता नाद नव्हे. त्या खेळातच पुढे जावे अशी त्यांची इच्छा होती. गावात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला मुलगा हा एकच. अशा मुलाने शहरात नोकरी धरावी, दोन खोल्यांचे बिऱ्हाड करावे आणि दिवाळीला गावी यावे, हीच त्या काळची सरळ वाट. माझ्या स्वतःच्या भावाने तीच धरली, आणि आम्ही सर्वांनी पेढे वाटले.

इकडे गावाची दशा काय होती? पाणी नाही म्हणून शेती नाही. शेती नाही म्हणून काम नाही. आणि काम नाही तेथे दारू येते हे आपणा बायकांना कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही. दोनशे घरेही नसलेल्या त्या गावात दारूच्या बावीस भट्ट्या होत्या असे सांगतात. भांडणे, मारामाऱ्या, कोर्टकचेऱ्या. सरकारी नोकराला हिवरे बाजारला बदली म्हणजे शिक्षा वाटे. मुली देताना लोक गावाचे नाव ऐकून मागे सरत. मला ह्या सगळ्यात सर्वांत वाईट वाटते ते गावाच्या नावाचे. माणूस गरीब असला तरी ‘मी अमक्या गावचा’ हे ताठ मानेने सांगतो. ज्याला ते सांगताना खाली पाहावे लागते, त्याचे दारिद्र्य दुप्पट असते.

१९८९ साली ग्रामपंचायतीची निवडणूक आली. गावातील तरुण मुलांनी ठरवले की ह्या वेळी शिकलेला माणूस हवा, आणि ते पोपटरावांकडे गेले. पोपटरावांना आधी ते नको होते, आणि घरच्यांना तर मुळीच नको होते. होणार तरी कसे? एवढे शिकवून पोराने गावच्या भानगडीत पडावे असे कोणत्या घराला वाटेल? पण शेवटी ते तयार झाले, आणि बिनविरोध निवडून येऊन सरपंच झाले. त्या वेळी सरपंच हा निवडून आलेल्या सभासदांतून होत असे. आतासारखे थेट मतदान नव्हते. वय होते अठ्ठावीस-एकोणतीस.

येथे जरा थांबते. ‘नको म्हणत होते, मग तयार झाले’ हे वाक्य मी सहज लिहून गेले, पण सारा प्रश्न त्या ‘मग’ मध्ये आहे. कोणाच्या मनातले आपण कसे सांगावे? तरी पुढे त्यांनी काय केले त्यावरून त्यांनी पद कशासाठी घेतले हे बरेचसे वाचता येते. माणूस पदावर बसल्यावर पहिल्या महिन्यात काय करतो ते पाहावे. कोणी खुर्ची बदलतो, कोणी पाटीवर नाव रंगवून घेतो. ह्यांनी १९९० च्या जानेवारीत, प्रजासत्ताकदिनी, ग्रामसभा बोलावली, आणि गावाला आधी काय हवे ते गावालाच विचारले. पाणी, चारा, शाळा, आरोग्य, रोजगार अशा गरजा निघाल्या आणि त्यांचा क्रम लागला.

आता ग्रामसभा म्हणजे काही नवी गोष्ट नव्हती. आपल्या राज्याचा ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा. ग्रामसभा त्यात होतीच. पण ती बहुतेक गावांत वहीत भरे. शिपाई वही घेऊन घरोघर फिरे, सही नाहीतर अंगठा घेई, आणि सभा झाली. मी स्वतः अशा दोन ‘सभांना’ घरातल्या चुलीपुढे बसून हजर राहिले आहे! हिवरे बाजारने ती सभा वहीतून काढून गावात आणली. आणि येथेच समाजकार्य व पद ह्यांतला फरक मला दिसतो. समाजसेवक गावाला चांगले काय ते सांगू शकतो, स्वतः करून दाखवू शकतो. परंतु गावाने एकत्र बसून ठराव करावा, तो वहीत चढावा आणि सर्वांवर बंधनकारक व्हावा, ह्यासाठी सभा बोलावण्याचा ज्याला अधिकार आहे असा माणूस लागतो.

आमच्या काही भगिनी म्हणतील, अण्णा हजारे कोठे सरपंच झाले? खरे आहे. सैन्यातून १९७५ साली ते राळेगण सिद्धीस परतले, यादवबाबांच्या मोडक्या देवळाचा जीर्णोद्धार केला, आणि पारनेर तालुक्यातल्या त्या कोरड्या गावाचे रूप पालटले. पद त्यांनी कधी मागितले नाही. हिवरे बाजारने राळेगणचा कित्ता गिरवला हे हिवरे बाजारचे लोकही मान्य करतात. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री तिकडूनच आली. नंतर तिच्यात बोअरबंदी व लोटाबंदी मिळाली. एकाच जिल्ह्यात, शेजारच्या दोन तालुक्यांत, दोन वाटा. अण्णांच्या वाटेला माणसाचे असामान्य वजन लागते. ते सर्वांपाशी कोठून असणार? पोपटरावांच्या वाटेला कायद्याचे वजन आहे, आणि ते तुमच्याआमच्यासारख्या सामान्य माणसालाही पाच वर्षांसाठी उसने मिळू शकते.

पहिले काम शाळेचे झाले. चौथीच्या पुढचे वर्ग गावात आणावयाचे, त्यासाठी खोल्या हव्यात. गावाने श्रमदान केले आणि खोल्या उभ्या राहिल्या. पाण्याच्याही आधी शाळा, हे मला विशेष वाटते. ज्या माणसाला स्वतः चौथीनंतर गाव सोडावे लागले त्याला शाळा पहिली आठवली असणार. मुलगे तरी पाहुण्याकडे राहून शिकत. मुलींचे शिक्षण चौथीवरच संपे. तेव्हा वर्ग गावात वाढले म्हणजे सर्वांत जास्त मुलींचे फावले.

मग दारूच्या भट्ट्या बंद झाल्या. मग डोंगर. वनखात्याच्या मदतीने झाडे लावली, रोजगार हमीतून उतारावर समपातळीचे चर खणले. त्या चरांची संख्या चाळीस हजारांच्या घरात सांगतात. हमीच्या कामावर बायकाच किती असतात हे आपल्या जिल्ह्यात सांगावयास नको. तेव्हा ते चर मोजताना मला नेहमी हातातल्या टिकावाचे आणि पाठीवरच्या पोराचे स्मरण होते. चराई बंद करणे हे त्याहून अवघड. ज्याच्या चार शेळ्या त्याचे पोट त्या डोंगरावर. त्याला ‘शेळी नेऊ नको’ म्हणावयाचे म्हणजे भांडणच. पण गवत वाढले की कापून नेता येते, हे एकदोन पावसाळ्यांत दिसले. १९९४ मध्ये गाव सरकारच्या आदर्श गाव योजनेत आले, बंधारे झाले, आणि विहिरींना पाणी टिकू लागले.

पुढची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती पाणी आल्यानंतरची आहे. पाणी नसताना काटकसर सगळेच करतात. पाणी आल्यावर काय? आपल्या जिल्ह्यात उत्तर एकच : ऊस! साखर कारखाने हे नगर जिल्ह्याचे भूषण. आशियातला पहिला मोठा सहकारी कारखाना आपल्याच प्रवरेकाठी निघाला हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. पण प्रवरेकाठचे पाणी निराळे आणि डोंगरातल्या चराचे निराळे. हिवरे बाजारच्या ग्रामसभेने ऊस आणि केळी लावू नये असे ठरवले. शेतीसाठी बोअर घ्यावयाचा नाही, विहिरीच्या पाण्यावरच भिजवावयाचे. आणि दरवर्षी पावसाळा संपला की, किती पाऊस पडला, जमिनीत किती मुरले, ह्याचा हिशेब मांडून पिण्याचे पाणी आधी, जनावरांचे नंतर, आणि उरेल त्यावर कोणते पीक, ते ठरवावयाचे. पाऊस कमी तर गहू कमी. घरात महिन्याचा पगार येतो तेव्हा आपण भाडे, किराणा, फी बाजूला काढून मग लुगड्याचा विचार करतो, त्यातलाच हा प्रकार. ह्याला मोठे शास्त्र लागते खरे. पण मूळ बुद्धी घर चालवणाऱ्या बाईची आहे, असे मी म्हटले तर कोणी रागावू नये.

फळ काय आले ते थोडक्यात सांगते. १९९५ च्या सुमारास गावातील १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली गणली गेली होती. पुढील दीड-दोन दशकांत ती तीनवर आली. दूध दिवसाला दीडशे लिटर निघे ते काही हजार लिटरांवर गेले. बाहेर गेलेली कुटुंबे परत आली. गावात मुसलमानाचे एकच घर, त्याच्यासाठी गावाने मशीद बांधली. लग्नाआधी एच.आय.व्ही.ची तपासणी करून घ्यावी असा गावाचा दंडक आहे. २०२० साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच यादीत अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे होत्या, ज्यांनी गावरान बियाणे जपले. एका वर्षी एका जिल्ह्याला असे दोन मान, आणि त्यातला एक शाळेची पायरी न चढलेल्या बाईला!

मंडळाची सहल आम्ही तेथे नेली होती. उन्हाळा होता. गावात शिरताना दिसतो तो स्वच्छपणा. पर्जन्यमापक पाहिला, चर पाहिले, विहिरीत वाकून पाणी पाहिले. आमच्यापैकी एका म्हाताऱ्या आक्का विहिरीपाशी बराच वेळ उभ्या होत्या. गाडी सुटावयाची वेळ झाली तेव्हा म्हणाल्या, “बहात्तरला असं कोणी आमच्या गावात का नव्हतं वो?” ह्याचे उत्तर कोणापाशी नव्हते. गाडीत भेंड्या लावण्याचे ठरले होते, त्या कोणी लावल्या नाहीत.

आता दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसती आरती होईल. पोपटराव पुरुष, शिकलेले, खात्यापित्या घरचे. ते दिवसभर गावासाठी फिरले तर त्यांच्या घरची चूल थांबत नव्हती. वहिनींना सभेहून परतल्यावर कणीक भिजवावयाची आहे. शिवाय ‘बिनविरोध’ ह्या शब्दाचे आपल्याकडे फार कौतुक होते; मला त्याची थोडी धास्ती वाटते. पुष्कळ गावी बिनविरोध म्हणजे चार पुढाऱ्यांनी ओसरीवर बसून ठरवणे, आणि त्या ओसरीवर बायका चहा घेऊन येतात तेवढ्याच. हिवरे बाजारमध्येही तीस वर्षांनी, २०२१ च्या जानेवारीत, निवडणूक झाली. पोपटरावांच्या बाजूने सातही जागा जिंकल्या. काहींना वाईट वाटले की आदर्श गावात निवडणूक कशाला. मला वाटते, बरे झाले. तीस वर्षांचे काम लोकांपुढे ठेवून मत मागावे, ह्यात कमीपणा कसला?

स्त्रियांचा इतिहास पाहू गेले तर तोही १९८९ पाशीच येऊन मिळतो, ही गंमत आहे. १९५८ च्या कायद्यात ग्रामपंचायतीत दोन स्त्रिया घेण्याची तरतूद होती. पण त्या बहुधा घेतल्या जात आणि सहीपुरत्या असत. १९८९ साली, पोपटराव सरपंच झाले त्याच वर्षी, जळगाव जिल्ह्यातील विटनेर गावी शेतकरी संघटनेच्या बायकांनी सर्वच्या सर्व जागा लढवल्या आणि ग्रामपंचायत बायकांची झाली. राखीव जागा तेव्हा आल्या नव्हत्या. १९९० मध्ये आपल्या राज्याने स्थानिक संस्थांत स्त्रियांना तीस टक्के जागा दिल्या, १९९३ मध्ये घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने देशभर एक तृतीयांश झाल्या, आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या.

आणि त्याही पूर्वीच्या मृणालताई गोरे! त्यांचा जन्म १९२८ चा. डॉक्टर होण्याचे शिक्षण त्यांनी अर्ध्यावर सोडले आणि समाजवादी चळवळीत पडल्या. पती केशव गोरे १९५८ साली गेले. पदरी लहान मुलगी. तीन वर्षांनी, १९६१ साली, त्या मुंबई महानगरपालिकेत निवडून आल्या, आणि गोरेगावच्या नळांसाठी इतक्या भांडल्या की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. पुढे त्या आमदार, खासदार झाल्या. २०१२ साली गेल्या. पण लोकांनी लक्षात ठेवले ते पाणीच. गोरेगाव कोठे आणि हिवरे बाजार कोठे. दोन्हीकडे माणूस पदाकडे गेला तो पाण्याच्या वाटेने.

माझे सांगावयाचे राहिले. राखीव जागा नव्याने आल्या तेव्हा मी बालवाडी चालवीत होते. माझ्याकडे माणसे आली. मी म्हटले, मला माझी पोरे बरी. खरे कारण निराळे होते : लोक काय म्हणतील, आणि घरात कोण ऐकून घेईल. त्या सुमारास मंडळाची एकच मोठी मागणी होती. खालच्या वस्तीतल्या बायकांना पहाटे अंधारात ओढ्याकाठी जावे लागे; त्यांच्यासाठी संडास बांधावेत. आम्ही अर्ज केला. पुन्हा केला. अकरा वर्षे केला. त्याच्या नकला माझ्या ट्रंकेत अजून आहेत. दर वेळी कचेरीतून एकच उत्तर मिळे, की विषय सभेपुढे आलेला नाही. मी म्हणे, मग आणा की. ते म्हणत, सभासदांपैकी कोणी मांडला तर येईल. सातव्या की आठव्या वर्षी, आषाढातल्या पावसात, एक बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी ओढ्याच्या दरडीवरून घसरली. पाय मोडला, आणि पोटातले गेले. मी तिला बालवाडीत बाराखडी शिकवली होती. दवाखान्यात तिच्या आईजवळ बसले असताना मला सारखे वाटत होते, की विषय मांडावयाला एक सभासद हवा होता. तो मी असू शकले असते. मांडून झाले असतेच असे नाही. पण मांडला गेला असता.

म्हणून वहिनींनी विचारले तेव्हा मी हळदीकुंकवाच्या गर्दीत काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. हिवरे बाजारची ही हकीकत सांगितली. त्यांनी विचारले, “पोपटराव उभे राहिले तेव्हा त्यांना हे सगळं होईल असं माहीत होतं का?” मी म्हटले, कसे माहीत असणार? त्यांना एवढेच माहीत असावे की ज्या गावाचे नाव सांगताना मान खाली जाते ते गाव आपले आहे, आणि पोरे दारात येऊन उभी आहेत. मग त्यांनी विचारले की सभासद झाल्यावर विषय मांडावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, कोणाला लिहून द्यावयाचे. ग्रामसभेच्या आधी बायकांची निराळी सभा घेतली पाहिजे असे आता कायद्यात आहे, हे मी सांगितले तेव्हा त्या चकित झाल्या. त्यांच्या सही असलेल्या वहीत त्या अशा सभेला दोनदा हजर होत्या!

सासूबाई दाराशी बसून वाती वळीत होत्या. त्या इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, “सभा किती वाजता असती?” वहिनी म्हणाल्या, “अकराला.” “मंग सैपाक मी बघीन. पण नवऱ्याला सभंत पाठवायचं नाही. जायचं तर तूच जायचं.”

आठ दिवसांनी वहिनी चाळीस पानी वही घेऊन माझ्याकडे आल्या. वस्तीवर घरोघर फिरून बायकांना काय हवे ते त्यांनी लिहून घेतले होते, हिवरे बाजारच्या त्या पहिल्या सभेसारखा क्रम लावून. पहिल्या क्रमांकावर पिण्याच्या पाण्याची टाकी, दुसऱ्यावर शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा दिवा. संडास आता बांधून झाले आहेत, पण त्यांना पाणी नाही; तो विषय पाचवा होता. तो वर घ्या म्हणून मी सांगणार होते, पण क्रम बायकांनी लावला होता. मी फक्त शुद्धलेखन तपासून दिले आणि ट्रंकेतल्या जुन्या अर्जांच्या नकला त्या वहीत ठेवल्या.